आमच्या फियाटला इंजेक्शन द्यावे काय?

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत प्रत्येक घरी एक न्यायालय भरते. माळ्यावरच्या वस्तू एकेक करून खाली येतात आणि 'ठेवायची की काढायची' याचा निवाडा होतो. पण काही वस्तूंच्या बाबतीत तिसराच प्रश्न उभा राहतो. ठेवायची हे तर ठरलेलेच. पण आहे तशी ठेवायची, की तिच्यात काही नवे घालून ठेवायची? आजीच्या पायाच्या शिवणयंत्राला विजेची मोटर बसवावी का? चावीच्या घड्याळाच्या पोटात बॅटरीचे यंत्र घालावे का? बाहेरून वस्तू तीच दिसते, काम अधिक सुखाने होते. पण आत काय बदलले ते घरच्या माणसांना ठाऊक असते.

आमच्या घरी हा प्रश्न एका मोटारीवरून निघाला. मोटार १९६८ सालची, फियाट अकराशे-डी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेली. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझ्या वडिलांनी तशी वाट पाहूनच ती घेतली. आईही ती चालवीत असे, आणि साडी नेसून पार्ल्याहून दादरपर्यंत स्वतः गाडी हाकणारी बाई म्हणून तिचे बरेच कौतुकही झाले. आता वडील नाहीत, आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि गाडी आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. रविवारी ती बाहेर पडते. सणासुदीला आईला घेऊन देवदर्शनालाही जाते.

गेली दोन वर्षे मात्र तिची प्रकृती बिघडली होती. अॅक्सिलरेटर दाबला की पुढे झेपावण्याऐवजी ती खोकायची. चढावर इंजिन तापायचे. मधूनच कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा उलटा बार निघायचा. माझा भाचा मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्समधला इंजिनिअर आहे. त्याने एका रविवारी बॉनेट उघडून पाहिले आणि निदान सांगितले, "मामा, हा कार्ब्युरेटर आता काढा. फ्युएल इंजेक्शन बसवू. चोक नको, खोकला नको. किल्ली फिरवली की गाडी चालू."

आमचे मिस्त्री तिथेच उभे होते. त्यांनी या गाडीची चाळीस वर्षे सेवा केली आहे. ते एवढेच म्हणाले, "साहेब, गाडी तुमची आहे. पण मग मला बोलावू नका. त्यातलं मला कळत नाही."

आई गॅलरीतून ऐकत होती. ती काही बोलली नाही. निवाडा माझ्यावर येऊन पडला. त्यासाठी मी वर्षभर जे विचारले, वाचले आणि डोळ्यांनी पाहिले, ते येथे मांडतो. ज्यांच्या दारात फियाट, पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा स्टँडर्ड अजून उभी आहे, त्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या दारात ती नाही, त्यांच्याही घरी 'जुने की नवे' हा खटला केव्हा ना केव्हा चालतोच.

फ्लिटचा पंप आणि टाकीतला गोळा

पेट्रोल नुसते पेटवून इंजिन चालत नाही. त्याची हवेशी अगदी ठरलेल्या प्रमाणात भेट व्हावी लागते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण 'श्रीमंत' होते. धूर येतो आणि पेट्रोल वाया जाते. हवा जास्त झाली तर मिश्रण 'गरीब' होते. इंजिन तापते, खोकते आणि अडखळते. फोडणीतल्या मोहरीसारखाच हा प्रकार आहे. प्रमाण चुकले की घरभर कळते.

हे प्रमाण सांभाळणारी दोन उपकरणे आहेत. त्यांतले जुने म्हणजे कार्ब्युरेटर. तो समजून घ्यायला आपल्या घरातल्याच दोन वस्तू आठवाव्यात. पहिली, ढेकूण-डास मारण्याचा फ्लिटचा पंप. दांडा ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जातो, तेथील दाब कमी होतो आणि डब्यातले औषध आपोआप वर चढून त्याचा फवारा होतो. कार्ब्युरेटरात दांडा ढकलायला कोणी नसतो. इंजिनच हवा ओढून घेते. ही हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेगाने धावते, तेथला दाब उतरतो आणि 'जेट' नावाच्या पितळी तोटीतून पेट्रोल वर खेचले जाते. अरुंद जागेत द्रवाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, याचा अभ्यास इटलीतल्या व्हेंच्युरी या शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केला. म्हणून मोटारवाले आजही या गळ्याला व्हेंच्युरीच म्हणतात.

दुसरी वस्तू म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा. टाकी भरली की गोळा वर येतो आणि पाणी बंद होते. कार्ब्युरेटरातही एक वाटी आणि तिच्यात एक तरंगी असते. तिच्यामुळे पेट्रोलची पातळी नेहमी सारखी राहते. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. पुढची शंभर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी याच तत्त्वावर श्वास घेत राहिल्या. यात वीज नाही, मेंदू नाही. आहे ती केवळ हवेची ओढ आणि पितळेतली भोके.

आमच्या गाडीवरचा कार्ब्युरेटर सोलेक्स जातीचा आहे. तो तळहातावर मावतो. त्याच्या जेटवर आकडा कोरलेला असतो, आणि तो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. एवढ्याशा भोकावर १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे आरोग्य अवलंबून असते.

पिचकारीची कुळकथा

दुसरे उपकरण म्हणजे फ्युएल इंजेक्शन. त्याला आपण पिचकारी म्हणू. येथे पेट्रोल हवेने ओढले जाण्याची वाट पाहिली जात नाही. पंपाच्या दाबाने ते बारीक तोंडातून आत मारले जाते. वातीच्या स्टोव्हमध्ये आणि पंपाच्या प्राइमसमध्ये जो फरक, साधारण तोच येथेही आहे.

या पिचकारीला खरी प्रसिद्धी विमानांनी दिली. दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या सुमारास इंग्लंडच्या स्पिटफायर विमानातील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता, तर जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मधील डाइम्लर-बेंझ इंजिनाला पिचकारी. जर्मन वैमानिक एकदम नाक खाली करून सूर मारी, तेव्हा त्याचे इंजिन चालूच राही. इंग्रज वैमानिक तसे करू गेला की कार्ब्युरेटरातले पेट्रोल आणि तरंगी दोन्ही उसळत आणि इंजिन क्षणभर गुदमरे. लढाईत क्षण म्हणजे प्राण! यावर तोडगा काढला तो एका स्त्रीने. फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेतल्या बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची, भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती तयार केली. पेट्रोलचा लोंढा तिने आवरला जाई. १९४१ च्या मार्चपासून त्या चकत्या विमानांवर बसू लागल्या. शिलिंगबाई मोटारसायकलच्या शर्यतीही मारीत असत, हे आमच्या मुलीला फार आवडले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. रोल्स-रॉइसवाले कार्ब्युरेटर सोडायला तयार नव्हते, त्यालाही कारण होते. कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाफ होताना आत जाणारी हवा थंड होते. थंड हवा दाट असते आणि दाट हवेने ताकद वाढते. म्हणजे तेव्हाही हा सामना एकतर्फी नव्हता.

युद्धानंतर पिचकारी रस्त्यावर आली. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीजची ३०० एस. एल. ही पंखांसारख्या दारांची गाडी झळकली. तिच्यात बॉशची यांत्रिक पिचकारी होती. पुढे अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने विजेच्या मेंदूची पिचकारी काढली आणि १९५८ च्या काही मोजक्या क्रायस्लर गाड्यांना ती बसवली. पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उन्हापावसात टिकेनात. त्यांतल्या बहुतेक गाड्यांना नंतर कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले! अखेर १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगन १६०० साठी अशी पिचकारी यशस्वी करून दाखवली. त्यामागे हौस नव्हती, अमेरिकेतले धुराचे कडक होत चाललेले नियम होते.

आपल्याकडेही धुराच्या नियमांनीच तिला आणले. २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले, नवे प्रदूषणनियम लागू झाले आणि मारुती ८०० सुद्धा पिचकारीची झाली. त्याच सुमारास आपल्या पद्मिनीचे उत्पादन थांबले. २०२० च्या एप्रिलमध्ये आणखी कडक नियम आले आणि स्कूटर-मोटारसायकलीही जवळजवळ साऱ्या पिचकारीवर गेल्या. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि या शहरातले कार्ब्युरेटर जुळवणारे हात एकाएकी बेकार झाले. याचा आमच्या खटल्याशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

खोकल्याचे मूळ उसात!

आमची गाडी पन्नास वर्षे खोकली नाही, ती आताच का खोकू लागली? भाचा म्हणे, कार्ब्युरेटर म्हातारा झाला. मिस्त्री म्हणत, पेट्रोल पहिल्यासारखे राहिले नाही. दोघांचेही थोडे थोडे बरोबर निघाले.

आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२२ च्या मध्यापर्यंत त्याचे प्रमाण देशभरात सरासरी दहा टक्क्यांवर गेले, आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासून होते. कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या साखर कारखान्यांना त्याने मोठा आधार दिला आहे आणि देशाचे परकीय चलन वाचते, हे खरेच. पण १९६८ सालच्या गाडीला कोल्हापूरचा ऊस पाजला जाईल, हे तिच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसणार.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. म्हणून त्याच्या एका भागाला वजनाने सुमारे नऊ भाग हवाच पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब मांडला तर १४.७ च्या जागी साडेतेराच्या आसपास हवा लागते. कार्ब्युरेटरला हे कोण सांगणार? तो आपला जुन्या भोकातून जुन्याच मापाने पेट्रोल सोडत राहतो. परिणाम असा की मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी 'गरीब' होते. खोकला, ताप आणि उलटा बार ही सारी त्याचीच लक्षणे. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगवते, मऊ करते. आणि ते पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरायला मदतच होते.

येथे एक मौजेचा हिशेब सांगतो. समुद्रकाठच्या मुंबईहून सुमारे १३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला गेले की हवा आठव्या हिश्श्याने विरळ होते आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण सात टक्क्यांच्या आसपास 'श्रीमंत' होते. म्हणजे नव्या पेट्रोलाने आलेली गरिबी आणि उंचीने आलेली श्रीमंती जवळजवळ एकमेकींना फेडून टाकतात. मुंबईत खोकणारी आमची गाडी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत लोण्यासारखी चाले. आई म्हणाली होती, "हिला हवा मानवली." तिचे शब्द शास्त्राला धरूनच होते.

भाच्याची बाजू

भाच्याची बाजू मी नीट ऐकून घेतली. पिचकारीच्या गाडीत नाक, कान, डोळे सगळे असते. आत येणाऱ्या हवेचा दाब किती, तिची उष्णता किती, इंजिन किती तापले आहे, क्रँक कोणत्या कोनात आहे, हे वेगवेगळे सेन्सर सांगतात. धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर मागून चव घेतो आणि मेंदूला कळवतो, 'कमी पडले, वाढव.' मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात एका सिलिंडरची पाळी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात एकदा येते. तेवढ्यात पिचकारी सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उघडते आणि मिटते. पेट्रोलात इथेनॉल दहा टक्के असो वा वीस, मुंबई असो वा महाबळेश्वर, ती स्वतःच माप बदलून घेते.

उन्हाळ्यात घाटात जुन्या गाड्यांच्या पंपात पेट्रोलची वाफ अडकते आणि पंपावर ओले फडके टाकून बसावे लागते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना पुढचा मुद्दा लगेच पटेल. पिचकारीचा विजेचा पंप सहसा टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली ठेवतो; त्यामुळे हे दुखणे बहुधा नाहीसेच होते. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी कार्ब्युरेटरच्याच जागी बसणारे तयार संच मिळतात. होली कंपनीचा 'स्नायपर' हा त्यांतला एक. मात्र ते मुख्यतः तिकडच्या मोठ्या आठ सिलिंडरी इंजिनांसाठी असतात. आपल्या छोट्या फियाटसाठी वेगवेगळे भाग जमवून जोडणी करावी लागते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती केलीही. त्यांची पद्मिनी १९९६ ची. ते तिने रोज ठाण्याला कामावर जातात. वर्षभरात त्यांना एकदाही चोक आठवला नाही आणि अॅव्हरेजही सुधारले. पूर्वी डिकीत जादा पॉइंट आणि कंडेन्सर असत. आता जादा सेन्सर आणि पंपाचा रिले असतो, एवढाच काय तो फरक, असे ते हसून सांगतात.

मिस्त्रींची बाजू

मिस्त्रींना भाषण करता येत नाही. त्यांनी कार्ब्युरेटर सोडवून वर्तमानपत्रावर मांडला आणि एकेक भाग माझ्या हातात दिला. थ्रॉटलचा दांडा हलवून दाखवला. तो आपल्या घरात खुळखुळत होता. "इथनं चोरून हवा शिरते," ते म्हणाले. अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम सुरकुतला होता. तरंगीखालच्या सुईला खाच पडली होती. हे सगळे बदलता येते आणि काही हजारांत होते. पिचकारीचा मला मिळालेला अंदाज लाखाच्या वर होता.

मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. पिचकारी घातली की विजेचा पंप आला, त्याला टाकी कापावी लागेल किंवा नवी टाकी करावी लागेल. पेट्रोल परत फिरवायला दुसरी नळी आली. वीज अखंड हवी. आमच्या गाडीवर तर जुना डायनमो, जो इंजिन मंद चालताना धड दिवेही लावत नाही. म्हणजे आल्टरनेटर आला. क्रँकवर दात्यांचे चाक आले. धुराच्या नळीला भोक पाडून सेन्सरचे बूड वेल्डिंग करणे आले. प्रत्येक सिलिंडरला वेगळी पिचकारी हवी तर मॅनिफोल्डलाही भोके पाडणे आले. "आणि साहेब, वाटेत बंद पडली तर?" ते म्हणाले. "कार्ब्युरेटर बंद पडताना आधी चार दिवस कुरकुरतो. ही नवी सरळ गप्प बसते."

यावर भाच्याने चांगले उत्तर दिले. "मिस्त्रीकाका, आता कोपऱ्यावरचा स्कूटरवाला पोरगासुद्धा कॉम्प्युटर जोडून इंजेक्शन तपासतो. उलट तुमच्यामागे कार्ब्युरेटर जुळवणारा कोण आहे?"

मिस्त्री गप्प झाले. ते शहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांत गॅरेज बंद करून साताऱ्याकडे आपल्या गावी जाणार आहेत. टॅक्सी गेल्या तशी त्यांच्या हाताखालची दोन्ही मुले मोबाइल दुरुस्तीकडे वळली. भाच्याचा प्रश्न रास्त होता आणि तोच खटल्याचा गाभा होता. कार्ब्युरेटर हा नुसता पितळ-जस्ताचा तुकडा नाही. तो जुळवणारा कान जिवंत आहे तोवरच तो कार्ब्युरेटर आहे. त्यानंतर तो कपाटातला शोभेचा जिन्नस.

कायद्याचे कलम

निवाड्यापूर्वी कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून इंजिनात कोणतीही मोठी ढवळाढवळ करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे हे उत्तम. दुसरी गोष्ट २०२१ च्या नियमांची. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र ती मूळ रूपात असावी, तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची गाडी त्या वयात बसते. आज तशी नोंदणी मी केलेली नाही. पण ते दार उघडे ठेवायचे तर मॅनिफोल्डला भोक पाडण्याआधी दहादा विचार करणे भाग होते.

धुराचेही सांगितले पाहिजे. आमच्या वयाच्या गाडीला तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि नीट जुळवलेला कार्ब्युरेटर ते सहज पाळतो. पण स्वच्छतेत तो पिचकारीची बरोबरी करणार नाही. रोज पन्नास किलोमीटर चालणारी गाडी असती, तर हा एकच मुद्दा मला पिचकारीकडे घेऊन गेला असता.

निवाडा

अखेर आम्ही जे केले ते असे. गाडी रविवारची. वर्षाला तिचे फार तर दोन हजार किलोमीटर होतात. म्हणून कार्ब्युरेटर ठेवायचा. पण अंदाजाने नाही, मोजून ठेवायचा. भाच्याने धुराच्या नळीच्या टोकाला तात्पुरता ऑक्सिजन सेन्सर लावला आणि छोटा मापक डॅशबोर्डवर ठेवला. त्याच्यावर १ आकडा म्हणजे प्रमाण बरोबर; त्याहून जास्त म्हणजे पेट्रोल कमी. सरळ रस्त्यावर काटा १.१० दाखवू लागला. मिस्त्रींनी थ्रॉटलच्या दांड्याला पितळी बुश घातले, सुई आणि डायफ्रॅम बदलले, आणि मग जेट ११५ चा काढून १२० चा बसवला. व्यास जेमतेम वीसएक केसांच्या जाडीचा. त्यात जवळजवळ एका केसाचीच भर पडली. काटा एकाच्या अगदी जवळ येऊन थांबला. खोकला गेला तो गेलाच. पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, आणि ठिणगीच्या पॉइंटांऐवजी लहानसे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. ते डिस्ट्रिब्युटरच्या आतच मावते आणि पाहिजे तेव्हा काढून पुन्हा पॉइंट लावता येतात.

मापकाचा काटा आणि मिस्त्रींचा कान यांची मी शर्यत लावून पाहिली. मंद गतीचा स्क्रू फिरवत मिस्त्री ज्या जागी थांबले, तेथेच काट्यानेही मान डोलावली. भाचा म्हणाला, "काका, तुमच्या कानात सेन्सर आहे." मिस्त्री पुष्कळ दिवसांनी हसले.

पण भाच्याचा प्रश्न अजून शिल्लक होता : मिस्त्रींनंतर कोण? त्याचे उत्तर आमच्या मुलीने दिले. ती रविवारी सकाळी मिस्त्रींकडे जाऊन बसते. आतापर्यंत तिने तीनदा कार्ब्युरेटर सोडवून पुन्हा जोडला आहे. तिसऱ्या खेपेस एकही स्क्रू उरला नाही. तिने एक वही केली आहे. कोणत्या जेटचा आकडा काय, स्क्रूचे फेरे किती, तरंगीची उंची किती, पावसाळ्यात चोक किती ओढायचा, हे सारे तिच्यात लिहिले आहे. शेवटची नोंद आजीने सांगून लिहवली. घरातला एवढा अनुभव गॅलरीत बसून होता, त्याला कोणी विचारले नव्हते इतकेच.

आणि पाच वर्षांनी वही अपुरी पडली, जेट मिळेनासे झाले, पेट्रोल आणखी बदलले तर? तर पिचकारी बसवायची, असेही आम्ही ठरवून ठेवले आहे. अट एकच : काहीही कापायचे नाही, भोक पाडायचे नाही, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, टाकी सारे मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे. पुढच्या पिढीला वाटले तर तिला परत फिरता आले पाहिजे.

ज्यांच्या घरी हाच खटला चालू असेल, त्यांनी 'नवे चांगले की जुने चांगले' या वादात पडू नये. चार प्रश्न विचारावेत. गाडी रोजची की रविवारची? ती बिघडली तर आपल्या गावात दुरुस्त करणारा कोण आहे, आणि दहा वर्षांनी कोण असेल? जे दुखणे आहे ते खरोखर कार्ब्युरेटरचेच आहे, की नळीचे, ठिणगीचे, पेट्रोलचे? आणि जो बदल करतो आहोत तो परत फिरवता येईल का? रोजची गाडी, लांबचा प्रवास आणि जवळ जाणता कारागीर असेल तर खुशाल पिचकारी बसवावी. त्यात गाडीचा अपमान नाही. बाकीच्यांनी आधी एक साधा मापक लावून पाहावा आणि पाच आकड्यांनी मोठा जेट घालून पाहावा. जेटची किंमत एका जेवणाइतकीही नसते.

मिस्त्री पुढल्या वर्षी गावी जाण्याच्या तयारीला लागले आहेत. परवा त्यांनी आपली जेट काढण्याची छोटी, झिजलेली पितळी किल्ली मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पोरी, जोर लावायचा नाही. जेट बसला की तोच सांगतो, बास."